बेटावर ठेवलेलं पान

चौऱ्याहत्तर सालच्या बकरी ईदच्या सुट्टीत आम्ही अल रय्यानहून उत्तरेला निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत एक कॅमेरा, तीन रोल, चिमूटभर काळे तीळ आणि दोन मुठी तांदूळ होते. कॅमेऱ्याची चौकशी सगळ्यांनी केली. तांदळाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कतारला येऊन मला दोन वर्षं झाली होती. कंपनीत नकाशे काढायचं काम, राहायला चौघांत एक खोली, आणि खिडकीबाहेर वाळू. सिन्नरहून तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची पत्रं येत. शेवटच्या पत्रात त्यांनी विचारलं होतं, "तिकडे पक्षी वगैरे आहेत का, की नुसतीच रेती? असल्यास एखादा फोटो पाठव." तात्या ड्रॉइंगचे मास्तर. निवृत्त झाल्यावर ओट्यावर बसून चिमण्या-साळुंक्यांची चित्रं काढत. मी उत्तर लिहायला आळस केला आणि पौष शुद्ध द्वादशीला ते गेले.

तार दुसऱ्या दिवशी मिळाली. पण पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, रजेचा अर्ज एका साहेबाकडे, देश सोडायचा परवाना दुसऱ्याकडे, आणि दोघांचं एकच उत्तर, इन्शाल्ला. परवाना हातात आला तेव्हा तेरावासुद्धा उरकला होता. मी गेलोच नाही. धाकट्या भावाचं, वसंताचं पत्र आलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. दुपारचे तीन वाजले. तुमचं नाव घेतलं, अण्णाचं (घरी मला अण्णा म्हणतात) सगळं नीट होईल असं सांगितलं, तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. खाली वसंताने लिहिलं होतं, "तुमच्यासाठी थांबले असतील." त्याने ते दुष्टपणाने लिहिलं नव्हतं. पण वर्षभर त्या वाक्याने माझी पाठ सोडली नव्हती.

आमच्या सहलीचे म्होरके वॉकरसाहेब. साठीचे, सर्व्हे खात्यातले, उन्हाने भाजून तांबडे झालेले. दक्षिण आफ्रिकेच्या रानांत त्यांनी वीस वर्षं लोकांना हत्ती-सिंहांचे फोटो काढायला नेलं होतं, आणि तिथली शिस्त त्यांनी इथे आणली होती. एका वेळी पाचच माणसं. जनावराने आपल्याकडे बघितलं तर आपण जास्त जवळ आलो असं समजायचं. काही उचलायचं नाही, काही टाकायचं नाही. वर्षभर त्यांच्या मागे लागलो तेव्हा कुठे मला जागा मिळाली. बरोबर एक डच जोडपं होतं, आणि लँडरोव्हर चालवायला मालवणचा बाबल परब. बाबल कंपनीचा ड्रायव्हर, सुट्टीच्या दिवशी खोलीवर बसून जीव जातो म्हणून हौसेने आलेला.

अल गराफाच्या बागा मागे पडल्या आणि रस्ता सरळ झाला. इतका सरळ की बाबल म्हणाला, "भाऊनू, हंय ष्टेरिंगाची गरजच नाय." (इथे स्टिअरिंगची गरजच नाही.) दोन्ही बाजूंना करडी सपाट जमीन, मधूनच एखादं काटेरी झुडूप. मी तासभर आकाशाकडे डोळे लावून बसलो होतो. एक कावळा दिसला नाही. मुंबई सोडल्यापासून मला तो दिसलाच नव्हता. आपल्याकडे ज्याला हाकलून हात दुखतात, त्याच्यासाठी मी वर्षभर गच्च्या आणि खांब शोधत होतो.

दुपारी अल रुवैसला पोचलो. हे उत्तर टोकाचं मासेमारीचं बंदर. मातीच्या भिंतींची घरं, वाळूत कलंडलेल्या होड्या, सुकवलेल्या मासळीचा वास. धक्क्यावर मासे साफ करत होते आणि त्या घाणीवर शेकड्यांनी सीगल तुटून पडले होते. आमचा होडीवाला जासिम तिथेच भेटला. म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. तरुणपणी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा, आणि मोती विकायला मालकाबरोबर मुंबईला जायचा. त्याने घरी नेऊन ईदच्या मटणाचा भात पुढे केला. माझी एकादशी. मी नुसते खजूर आणि लबन (ताक) घेतलं.

"क्यों, बीमार है?" जासिमने विचारलं.

"उपवास."

"अच्छा, हिंदू का रोजा," तो म्हणाला आणि खजुराचं ताट माझ्याकडे सरकवलं. "बंबई में देखा है. खाओ, खाओ."

संध्याकाळी किनाऱ्यावर तंबू ठोकल्यावर वॉकरसाहेबांनी सगळ्यांना समोर बसवलं. समोरच्या बेटावर मासे मारणाऱ्या घारीचं एकच घरटं होतं. इथे झाडच नसल्यामुळे ती जमिनीवर घरटं बांधते. गेली दोन वर्षं तिची अंडी कुणी ना कुणी उचलून नेली होती. यंदा तीन होती. ही तीन वाचली पाहिजेत, साहेब म्हणाले. घरट्यापासून साठ पावलांवर दोरी लावली आहे, दोरीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. वीस मिनिटं, मग होडीत परत. आणि बेटावर खायचं नाही. एक दाणासुद्धा नाही.

"का, ते ऐका," ते म्हणाले. "सीगल इथे बंदरावर जेवतात. त्या बेटावर त्यांना काही मिळत नाही, म्हणून ते तिकडे फिरकत नाहीत. एकदा का मिळालं, की ते सगळं बेट पालथं घालतील."

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. मला कळलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी द्वादशी, तात्यांना जाऊन वर्ष झाल्याची तिथी. पहाटे मी स्टोव्हवर भात टाकला. बाबल तोंड धुवत होता, त्याच्या लक्षात आलं. काळे तीळ बघून तो तोंड पुसत जवळ येऊन बसला. मी त्याला सगळं सांगितलं, वसंताच्या पत्रासकट.

"पण हंय कावळो खंय गावतलो?" तो म्हणाला. (इथे कावळा कुठे मिळणार?) मग त्याने समुद्राकडे बोट केलं. "आमच्याकडे दर्यावर गेलेलो माणूस कुरवाक घास घालता. दर्यावर तोच कावळो."

कुरव म्हणजे सीगल. मी स्टोव्ह बंद केला. भात, जासिमकडून आणलेलं दही आणि तीळ स्टीलच्या डब्यात भरले. डबा घरचा, आईने येताना दिलेला. झाकणावर भांड्याच्या दुकानात ठिपक्या-ठिपक्यांनी कोरून घेतलेलं तात्यांचं नाव.

बेट म्हणजे वाळूची एक लांबट पाठ, कडेने काळे खडक. होडीतून उतरल्यावर कुणी बोललं नाही. दोरीशी पालथे पडलो आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावला. घरटं म्हणजे समुद्रात सापडेल ते आणून बांधलेला ढीग होता: फळकुटं, जाळ्याचे तुकडे, निळा दोर, कसलंतरी मोठं हाड. वर घार बसली होती. डोकं पांढरं, डोळ्यावरून काळी पट्टी, नजर सरळ समोर. वारा आला की ती पंख किंचित पसरून अंड्यांवर सावली धरी. मी सात फोटो काढले. आठव्याला मी कॅमेरा खाली ठेवला, कारण मला एकदम वाटलं की तात्या आता विचारतील, किती मोठी होती रे, आणि विचारायला ते नव्हते.

बाकीचे फोटो काढण्यात गुंग होते. लघवीला जातो अशी खूण करून मी मागे सरकलो आणि बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथून घरटं चांगलं दोनशे पावलं लांब. दोनशे पावलं, मूठभर भात, एक पक्षी येईल, खाईल, जाईल. आपल्या कावळ्याचं असंच असतं ना. एका सपाट खडकावर झाकण ठेवलं, त्यावर पान वाढलं, पाणी सोडलं आणि दक्षिणेकडे तोंड करून हात जोडले. म्हणालो, तात्या, उशीर झाला. मला येऊ दिलं नाही हे खरं, पण मी भांडलोही नाही. तुम्ही जेवा.

पाच मिनिटं गेली, कदाचित जास्त. मग बंदराच्या बाजूने एक सीगल आला. खडकावर उतरला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि भाताला चोच लावली.

मी वाळूत बसून रडलो. वर्षभरात पहिल्यांदा. तो खात होता आणि मी त्याला खा, खा म्हणत होतो. दुसरा आला तेव्हाही मला आनंदच झाला. पाच झाले, दहा झाले, ओरडाओरड सुरू झाली, तेवढ्यात वॉकरसाहेबांची शिट्टी वाजली. मी धावत सुटलो. झाकण तिथेच राहिलं.

"हे कुठून आले?" साहेब आकाशाकडे बघत म्हणाले. "यल्ला, यल्ला, निघा." आपण गेलो की पक्षी शांत होतील असं त्यांना वाटलं. भरती चढत होती, जासिम घाई करत होता. होडी वळली तेव्हा मी मागे बघितलं. खडकावरचे सीगल उठले होते आणि बेटाच्या मधल्या भागावर गोल गोल फिरत होते. मी तोंड उघडलं असतं तर होडी परत फिरवता आली असती, आम्ही पाच-सहा माणसांनी त्यांना दिवसभर हाकललं असतं. मी काय सांगणार होतो? की वडिलांना जेवू घातलं? बाबलने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

तो सारा दिवस मी किनाऱ्यावरून बेटाकडे बघत बसलो. डच बाईंनी चहा आणून दिला. तब्येत बरी नाही का, विचारलं. मी म्हणालो, ऊन लागलं.

त्रयोदशीला सकाळी पुन्हा गेलो. घार घरट्यावर नव्हती, बाजूला वाळूत बसली होती. दोरीवरूनच साहेबांना कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ते दोरी ओलांडून पुढे गेले, आम्हीही गेलो. तपकिरी ठिपक्यांची टरफलं इकडे-तिकडे पडली होती. एकात अजून ओलं होतं. घार उडाली नाही. आमच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. चोचीने निळ्या दोराचं एक टोक उचललं, घरट्याच्या कडेला नीट ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

वॉकरसाहेब गुडघ्यावर बसले. बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "साठ पावलं कमी होती. मी शंभर ठेवायला हवी होती. ही माझी चूक आहे." त्यांनी स्वतःच्या हातांनी दोरी गुंडाळली. खुंट्या उपटल्या. वाळूतली भोकं पायाने बुजवली. "पुन्हा मी कुणाला आणणार नाही. खलास."

सगळे होडीकडे गेले. जासिम दुसऱ्या टोकाकडून चालत आला. गुत्राच्या (डोक्यावरच्या फडक्याच्या) टोकात त्याने काहीतरी गुंडाळलं होतं. माझ्याजवळ येऊन त्याने ते उघडून दाखवलं. झाकण स्वच्छ होतं, एक शीतही उरलं नव्हतं.

"बंबई में देखा था, बर्तन पे नाम," तो म्हणाला. "तुम्हारा?"

"बाप का."

त्याने मान हलवली. चांगल्या डोळ्याने तो माझ्याकडे पाहत होता. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "साहब को मैं नहीं बोलेगा," तो म्हणाला. "तुम बोलो."

परतीच्या वाटेवर गाडीत मी साहेबांच्या शेजारीच बसलो होतो. अडीच तास. अल गराफाच्या बागा दिसल्या की सांगायचं असं ठरवलं, बागा आल्या आणि गेल्या. रय्यानचा पेट्रोल पंप आला की सांगायचं, तोही गेला. साहेब मांडीवरच्या वहीत दोरीचं अंतर लिहून खोडत होते. मला उतरवताना त्यांनी हात मिळवला आणि म्हणाले, "माफ करा, तुमची पहिलीच सहल अशी झाली."

मी म्हणालो, "शुक्रन." (आभारी आहे.)

पिशवी काढून देताना बाबल हळूच म्हणाला, "मी बोलूक नको होतंय." (मी बोलायला नको होतं.) त्याला तरी ते म्हणता आलं.

रोल धुऊन आले. सातवा फोटो उत्तम आहे. पंख किंचित पसरलेले, आणि त्यांच्या सावलीत एका अंड्याची कड. तो मी घरी पाठवला आणि सोबत लिहिलं, द्वादशीला पान ठेवलं, पक्षी लगेच शिवला. वसंताचं उत्तर आलं. आई तीन वेळा पत्र वाचून घेऊन रडली, म्हणाली, ह्यांचा जीव आता सुटला. फोटो फ्रेम करून तात्यांच्या तसबिरीशेजारी लावला आहे. येणारे-जाणारे विचारतात, अण्णाने काढला, असं ती सांगते.

वॉकरसाहेब त्या उन्हाळ्यात नोकरी सोडून मायदेशी गेले. जाताना त्यांनी त्यांची लांब पल्ल्याची लेन्स मला दिली. एवढ्या लांबून काढत जा, म्हणाले. मी ती घेतली. अजून डब्यातून काढलेली नाही.

पुढच्या पौषात द्वादशीला मी खोलीवर भात शिजवला, दही घातलं, तीळ घातले. त्याच झाकणावर पान वाढलं. मग खिडकी लावून घेतली, तात्यांच्या नावावरचा तो भात एकट्याने बसून खाल्ला आणि झाकण धुऊन ठेवलं.