साडूंची सुई

जगातली एखादी वस्तू कायमची बंद केलेली असू शकते, हे माझ्या थोरल्या साडूंना आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. सीलबंद घड्याळ, टीव्हीचा रिमोट, बायकोचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र, सगळ्यांच्या पोटात त्यांनी एकदा तरी तेल सोडलेलं आहे. देवरीकडे गुरांच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होताना लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात, हे गुरांना टोचायची एक जाड जुनी सुई मागून घेऊन आले, आणि तेव्हापासून माझ्या सुट्ट्यांची वाट लागली.

कारण त्यांची गाडी. तिच्या पुढच्या चाकांना धरून ठेवणारे बॉल जॉइंट झिजलेत. कंपनीनं त्यांत ग्रीस भरून वर रबरी टोपी चढवलेली, पुन्हा भरायला तोंडच ठेवलेलं नाही. झिजले की बदलायचे, पण या गाडीचे आता मिळत नाहीत. दुसरी गाडी घ्यावी तर ताईंचे, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे, गुडघे गेलेले. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, नव्या गाड्यांत एक तर चढावं लागतं नाहीतर खाली बसकण मारावी लागते. या एकाच गाडीची सीट त्यांना बरोबर लागते. सालेकशाला त्यांची म्हातारी आई आहे. गाडी बंद तर माहेर बंद.

म्हणून साडू रबरी टोपीत सुई खुपसून ग्रीस भरत. जॅक लावून चाकाशेजारी आडवं पडायचं काम माझं. मी गोंदियाहून जेवायला म्हणून जायचो आणि ग्रीस माखून परतायचो. "भाऊजी, असं वरून भरलेलं टिकत नाही," मी दर वेळी सांगायचो. "कंपनीनं तोंड नाई ठेवलं त का झालं? बैल का तोंड उघडून सांगते, कुठं दुखून राहिलं म्हून?" पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचा खांदा तूप-हळदीनं शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. साडूंकडे बैल नाही. ते गाडीला आवतण देत. ती जेवते काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुमी जॅक धरा."

गेल्या पोळ्याला ग्रीस संपलं, तर या गृहस्थांनी स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल सुईत ओढलं. ते तेल वाळून वार्निशसारखं घट्ट बसतं, हे मी ओरडून सांगितलं. "पोट फुगलेल्या बैलाले जिंदगीभर हेच पाजलं मी. एक नाई मेला." पुढं धान कापणीला आलं तेव्हा आम्ही सालेकशाला निघालो आणि आमगावच्या अलीकडे वळण संपलं तरी गाडी वळतच राहिली. स्टिअरिंग काही केल्या सरळ होईना. गाडी धानाच्या बांधीत जाऊन टेकली. ताईंनी पदर सारखा करून विचारलं, "आलं का माहेर?" मी मात्र भडकलो. ताईंच्या जिवाशी खेळताय, असं तोंडावर बोललो. गोंदियाच्या मिस्त्रीनं कुठून तरी भंगारातल्या गाडीचे बरे जोड मिळवून बसवले आणि बजावलं, "चाचा, इसमें सुई मत लगाना." साडूंनी खरंच लावली नाही.

पण तोवर ताईंना त्या सीटवरही बसवेना. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातलं वंगण आटलंय, इंजेक्शननं आत सोडून बघू. डॉक्टरांनी सुई बाहेर काढली मात्र, आणि हजारो गुरांना सुई टोचणारे आमचे साडू उठून बाहेर गेले. मी पाहायला गेलो तर व्हरांड्यात ताईंच्या चपला हातात धरून उभे.

"साडभाऊ," ते हळूच म्हणाले, "असं वरून भरलेलं टिकते का?"

"टिकतं, भाऊजी," मी म्हणालो.

एरवी त्यांनी मला तिथंच पकडलं असतं, गाडीच्या वेळी काऊन नाई म्हणत होते म्हणून तासभर भांडले असते. त्या दिवशी नुसती मान हलवली. भांडले असते तर फार बरं वाटलं असतं मला.