सुमनकाकूंनी न घातलेला सत्यनारायण

"देवाने तुमचं ऐकलं" असं कुणी म्हटलं की सुमनकाकू ताडकन उठून आत जायच्या.

आज सकाळी त्या कायमच्या गेल्या. मिनेसोटात, लेकीच्या घरी.

फोन आल्यापासून मी घरभर फिरतेय. कॉफी केली, प्यायली नाही. लॅपटॉप उघडला, बंद केला. मग म्हटलं, लिहूनच टाकावं.

ऐंशीच्या दशकात मी पुण्याहून मास्टर्स करायला मिनेसोटात आले. युनिव्हर्सिटीपासून जरा लांब, एका छोट्या गावात काका-काकू राहायचे. काकांचे मोठे भाऊ माझ्या बाबांचे मित्र, एवढीच काय ती ओळख. तेवढ्यावर मी दर वीकेंडला त्यांच्याकडे पडीक असायचे.

काका मूळचे नागपूरचे, इंजिनियर. शेजारी वॉल्टर आणि डोरिस. हिवाळ्यात वॉल्टर काकांना गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला न्यायचा. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि बसायचं. काका पक्के शाकाहारी. थर्मासमधला चहा पीत गप्पा मारायचे, बस.

"अहो, मासे खात नाही तर कुडकुडायला जाता कशाला?" काकू विचारायच्या.

"वॉल्टरला कंपनी!"

मार्चमधला शनिवार होता. छान ऊन पडलं होतं, छपरावरचा बर्फ वितळून ठिबकत होता. काका वॉल्टरबरोबर तळ्यावर गेलेले. मी आणि काकू थालीपीठं लावत होतो. एवढ्यात डोरिस मागच्या दाराने धावत आली. अंगात कोटसुद्धा नव्हता.

तिच्या दिराकडे पोलिसांचा रेडिओ ऐकायचा स्कॅनर होता. त्याचा फोन आला होता. तळ्यावरचा बर्फ फुटला, दोन माणसं पाण्यात गेली.

एकाला बाहेर काढलंय.

कुणाला, ते कळलं नव्हतं.

मला नुकतंच लायसन्स मिळालेलं. तरी गाडी मीच काढली. दोघी मागे बसल्या, एकमेकींचा हात धरून.

डोरिस पुटपुटत प्रार्थना करत होती. काकूंनी रामरक्षा सुरू केली.

आणि मध्येच थांबल्या.

संकट आलं की रामरक्षा, हे काकूंचं ठरलेलं. गाडी घसरली तरी, कुणाचं ऑपरेशन असलं तरी, माझी परीक्षा असली तरीसुद्धा.

"काकू, म्हणा ना."

"काय मागू गं? ह्यांना वाचव म्हटलं, तर हिच्या नवऱ्यासाठी काय मागितलं मी?"

डोरिसला त्यातलं अक्षरही कळलं नाही. तिने काकूंचा हात आणखी घट्ट धरला.

मी नुसती ड्राइव्ह करत राहिले.

तळ्याकाठी अँब्युलन्स उभी होती, मागचं दार उघडं. ब्लँकेटांच्या ढिगात काकांचा चेहरा. निळा पडलेला, पण डोळे उघडे.

डोरिसने आधी पाहिलं.

मग तिनेच काकूंच्या पाठीवर हात ठेवला.

"गो, सुमन. गो टू हिम."

आणि ती एकटीच बर्फाच्या दिशेने चालू लागली.

वॉल्टर संध्याकाळी सापडला.

काका हॉस्पिटलमधून घरी आले. मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "सुमन, तुझं कुंकू बळकट गं! देवाने ऐकलं तुझं. आता आधी सत्यनारायण घाल."

"नाही घालणार."

"अगं, असं बोलू नये!"

"आणि शेजारी डोरिसला प्रसाद काय म्हणून नेऊन देऊ?"

काकू उठून आत गेल्या.

त्या दिवसाबद्दल काका पहिल्यांदा बोलले ते डोरिसशी, तिच्या किचनमध्ये, आमच्यासमोर. पाण्यात वॉल्टरने त्यांना खालून वर रेटलं होतं. काकांना पोहता येत नव्हतं. वॉल्टरला येत होतं.

"दॅट साउंड्स लाइक वॉल्ट," डोरिस एवढंच म्हणाली.

पुढची कित्येक वर्षं तिच्या ड्राइव्हवेमधला बर्फ काकांनी काढला. काकू दुपारच्या तिच्याकडे जाऊन बसायच्या. कधी बोलत, कधी नुसत्याच.

मी तेव्हा तरुण होते, आणि फार चिडलेली. एकदा विचारलंच. "काकू, अजून दिवा लावता? डोरिसनेही मागितलंच होतं ना? तिचं का नाही ऐकलं?"

"मला माहीत नाही."

"मग कशाला हे सगळं?"

काकू वात सारखी करत होत्या. "त्या दिवशी गाडीत मला काही मागताच येईना. मग देवाला म्हटलं, तू इथे येऊन बस. आम्हा दोघींच्या मध्ये. उठू नकोस."

"आणि बसला?"

"त्याशिवाय का माझ्याच्याने गाडीतून उतरवलं असतं?"

माझं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर आजही झालेलं नाही.

पुढे माझ्या नवऱ्याची केमो सुरू झाली, तेव्हा मी रडत काकूंनाच फोन केला. म्हणाल्या, "बरा कर म्हण. खुशाल म्हण, लाजू नकोस. पण एकटी बसू नकोस गं. देवाला शेजारी बसव."

नवरा बरा झाला. शेजारच्या खुर्चीवर केमो घेणारी बाई मात्र नंतर दिसली नाही. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. ती अजून आठवते, आणि "देवाने ऐकलं" हे शब्द माझ्याही तोंडातून निघत नाहीत.

काका गेले तेव्हा डोरिस वॉकर घेऊन आली आणि सगळे विधी होईपर्यंत काकूंशेजारून हलली नाही. दोन वर्षांनी तीही गेली.

उद्या सकाळच्या फ्लाइटने मी निघतेय.

काकू, तुमच्याएवढा भरवसा माझ्याकडे नाही. आहे तेवढा तुमच्याकडून आलेला.

सुखरूप पोचा. माझा शेवटचा नमस्कार.