सारख्या तळाची चप्पल

भुतंखेतं, अंगात येणं, चमत्कार... असलं काय बी मी आयुष्यभर मानलं न्हाय. मोबाईलच्या ह्या पानावर लोक असले अनुभव लिहितात ते वाचून मी हसायचो. आज स्वतः लिहायला बसलोय. खोटं वाटलं तर वाटू दे.

कोल्हापुरात सुभाषनगरला आमचं घर. पुढं चपला करायची जागा, मागं गॅस आणि खाट. मी चौथी शिकलेला, सगळी हयात कातड्यात गेली. बायकोचं नाव एस्तेर. तिला लहानपणी पोलिओ झालता. डावा पाय वाळक्या काठीगत — आखूड, बोटं मेलेली. आई वारली, बापानं दुसरं लगीन केलं आणि हिला मिशनच्या होस्टेलच्या पायरीवर सोडून गेला. गावात तर तिला 'लंगडे' हीच हाक. होस्टेलच्या बाईंनी तिला भिंतीला धरून उभं राहायला शिकवलं. पडली की म्हणायच्या, "प्रभूचं नाव घे आणि ऊठ." ही रडत उठायची. तेवढ्यावर ती मॅट्रिक झाली, शिवण शिकली, माझा संसार केला, पोरगी वाढवली. मी लग्नापायी चर्चमध्ये गेलो आणि शेवटच्या बाकावरच राहिलो.

दर नाताळाला मी तिला नवी चप्पल करायचो. डावीचं माप आखूड आणि तळ जाड, म्हणजे दोन्ही पाय सारखे टेकतात. मागच्या नाताळाला ती खाटंवरनं उठत नव्हती. किडन्या गेलत्या. मला म्हणाली,

"अवो, औंदा दोन्ही तळ सारखं करा. माप उजव्याचंच घ्या."

"आणि घालणार कोण? शेजारीण?"

"मीच की. प्रभूकडं जाताना लंगडत जाऊ व्हय?"

"गप पड. हितं कूस बदलायला दोघं लागतात तुला."

हसली. "करा तर. तुमचं कातडं फुकट जाणार न्हाय."

केली. आम्ही नवी चप्पल तेल पाजून, तळाला तळ लावून कागदात गुंडाळतो. वर कातड्याच्या वादीची गाठ. ती गाठ माझ्या बापाची, घरात दुसऱ्या कुणाला येत न्हाय. तशी बांधून तिच्या खाटंखाली ठेवली.

थंडी सरताना ती गेली. भर दुपारी, मी चहा गाळत हुतो.

दुसऱ्या दिवशी मातीला न्यायच्या आधी पोरगी सासरहून आली, म्हणाली, "पप्पा, मम्मीची चप्पल ठेवूया पेटीत." मी पुडकं काढलं. गाठ माझीच, जशीच्या तशी. सोडली, कागद उघडला...

तळ झिजलेले. दोन्ही. टाच आणि पंजा, सरळ चालणाऱ्या माणसाचे झिजतात तसे. आणि डावीच्या आत पाच बोटांचे काळे ठसे, अंगठा चांगला रुतलेला. एस्तेरच्या त्या पायाच्या बोटांनी जन्मात कधी जमीन दाबली न्हाय.

"जुनी बांधली असंल तुमी," पोरगी म्हणाली.

"सारख्या तळाची जुनी कुठली गं? तिच्यासाठी एकच केली मी."

घरात आम्ही दोघंच राहात हुतो. माझा पाय त्यात शिरत न्हाय.

मातीसाठी आलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी डोळं पुसलं. "मामा, ही साक्ष हाय. रविवारी उपासनेत सगळ्यांना दाखवू."

"दाखवा. पण आधी ती परत कधी येणार ते सांगा."

त्यांनी चपलेकडं नेलेला हात मागं घेतला. मी चप्पल पेटीत तिच्या पायाशी ठेवली. तो वाळका पाय तसाच हुता... घालून बघायचं धाडस झालं न्हाय.

लोक म्हणतात, समाधान माना, ती तिकडं चालतीया. कसलं समाधान? ह्या वयात एकट्यापुरती भाकरी थापतोय मी. चालता येत हुतं तर जाताना त्या गॅसपर्यंत तरी यायचं हुतं. मी तिथंच चहा गाळत, पाठ करून उभा हुतो.

मातीनंतर मी त्याच मापाची दुसरी जोडी केली. तेच तेल, तसाच कागद, तीच गाठ. खाटंखाली ठेवलीय. रविवारी चर्चमधनं आलो की सोडून बघतो. कातडं कोरं. एक सुरकुती न्हाय. पहिली कशी झिजली ते मला आजून कळलेलं न्हाय, आणि ही का झिजत न्हाय ते बी न्हाय.

परत बांधतो, आत सारतो.