गावतळ्यातल्या होडीचा पंचनामा

नोकरीत मी चोरीचे, अपघातांचे, मारामारीचे पुष्कळ पंचनामे केले. होडीचा मात्र एकच, आणि तोही खाडीत नव्हे, गावतळ्यात. ती घटना आठवली की आजही हसू येतं.

ऐंशीच्या दशकातला उन्हाळा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. तळवलीकडच्या एका गावात तळ्याचा गाळ काढताना स्मगलिंगची होडी सापडली म्हणे. स्टेशन डायरीत नोंद केली, दोन हवालदार घेतले आणि निघालो.

होडी होती खरी, पण फळ्या काळ्याठिक्कर आणि खिळे गंजलेले. आत सोनं नव्हतं, नुसते चपटे दगड. काठावर मात्र दोन गट एकमेकांच्या अंगावर धावत होते. गावातल्या एका मुलाचं लग्न पावणे गावच्या मुलीशी ठरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी हळद होती. मुलीचे काका मला पाहताच ओरडले, "सायब, आमचे आज्याची होरी हाय ती! या म्हाताऱ्याचे बापानं चोरली नि हितं बुरवली. चोराचे घरान पोर देवाची नाय!"

म्हातारा म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा. काठी टेकून ते एवढंच म्हणाले, "माजा बाप चोर नव्हता. याचे आज्याचा दोस्त होता." शेजारी नवरा मुलगा उभा होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

चोरीची सायकल परत देताना आम्ही आधी खुणा विचारतो, मग सायकल दाखवतो. इथंही तेच केलं. काकांना बाजूला घेतलं.

"आजी सांगायची," ते म्हणाले, "नाळ खरकावर आपटली होती. आतून तांब्याचा पत्रा ठोकलेला."

हवालदारानं नाळेतला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकातला, गाळ खरवडला. तांब्याचा पत्रा निघाला. होडी काकांच्या घरचीच. त्यांच्या बाजूनं आरोळी उठली.

तरी पंचनामा पुरा करायचा होता. पंचांसमोर दगड एकेक करून उचलायला लावले. प्रत्येक दगडाखाली काथ्याची जाड चुंबळ निघाली. तळाला कुठं घाव नव्हता, भोक नव्हतं. काका स्वतः होडीवाले. त्यांनाच विचारलं, "तुमची होडी तुम्हालाच बुडवून ठेवायची झाली तर?"

"माजी होरी मी कनाला बुरवीन?"

"समजा."

"फल्या खानारी कीर लागली तं. पयले लोकं तलावान ठेवीत. खारे पान्याची कीर गोऱ्या, म्हंजे गोड पान्यान मरते. भरतीला बांधावरशी वढून आनीत."

"वर वजन काय?"

"दगर."

"नुसते दगड?"

"येरा हाय का सायब! फल्या खरचटतीन ना. खाली काथ्या..."

त्यांनी वाकून समोरची चुंबळ उचलली.

मी आजोबांना विचारलं, "तुमचे वडील कसे गेले?"

"तापाची साथ आलती तवा. मी लहान होतो."

काका खालच्या आवाजात म्हणाले, "आमचा आजा पन त्याच साथीन गेला. घरान सांगत, होरीचे दुःखान मेला."

"दुःखान नाय रं, तापान!" आजोबा म्हणाले.

दोस्ताच्या गावच्या तळ्यात होडी उपचाराला ठेवली आणि साथीनं दोघांनाही नेलं. घरच्यांना सांगायला कोणी उरलंच नाही.

काका चिखलातून आले आणि आजोबांच्या पाया पडले. आजोबांनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "ने तुजी होरी. कीर मेली आसंल आता!" दोन्ही बाजूंनी जो हशा उठला, त्यात नवऱ्या मुलाचा आवाज सर्वांत मोठा होता.

स्मगलिंगची खबर निराधार असल्याची नोंद केली. फिर्याद कोणी दिलीच नाही. हळदीला आग्रहानं बोलावणं आलं म्हणून गेलो, तर नाचणाऱ्यांत काका सर्वांच्या पुढे आणि अंगावर नवरदेवापेक्षा जास्त हळद.

दगड पाहून मीही ‘लपवलेलं’ असंच धरून चाललो होतो. काथ्या निघाला तेव्हा कळलं, ते जपलेलं होतं. चोर माल दडवतो, पण त्याच्या अंगाला ओरखडा उठू नये म्हणून काही अंथरत बसत नाही. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक पंचनाम्यात ‘काय सापडलं’ याच्या खाली ‘कसं ठेवलं होतं’ ही ओळ मी न चुकता लिहायला लावली.