भिंतीपासून दोन हात

आमच्या गल्लीतल्या मावशी कपडे शिवतात. कारखाना बंद पडला तेव्हा निम्मी गल्ली कुलपं लावून निघून गेली, पण मावशींनी आपलं जुनं विटांचं घर सोडलं नाही. शेजारचं घर कोसळून तिथे उकिरडा झाला, तर त्यांनी एकटीने पाट्या भरून तो उपसायला घेतला. मग एकेक जण लाजेकाजेने हात लावू लागला. आज तिथे सगळ्या गल्लीची भाजी पिकते आणि बंद घरांत पुन्हा दिवे लागले आहेत. माझी लेक शाळा सुटली की थेट मावशींकडे जाते. मी कामावरून येईपर्यंत ती त्यांच्या मशीनशेजारी बसून अभ्यास करते.

चूक झाली ती उत्साहात. बागेकडची मावशींची भिंत दिवसभर उन्हात तापते आणि तिच्या उबेला टोमॅटो लवकर धरतात. त्यामुळे ज्याला त्याला वाफा हवा तो भिंतीलगतच. माती भिंतीला टेकून गुडघ्यापर्यंत चढली. वर सकाळ-संध्याकाळ पाणी.

एके दिवशी लेक सहज म्हणाली की मावशींची भिंत फुगली आहे. काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण या वेळी खरंच आतला गिलावा सुटला होता. बोट लावलं की ओला भुगा हातात. लेकीची बसायची जागा मी त्याच दिवशी समोरच्या खोलीत हलवली. गवंडी म्हणाला, माती भिंतीला पाणी पाजते आहे आणि बाहेरून थापलेल्या सिमेंटमुळे ते पाणी आतच कोंडतं. वाफे काढा, सिमेंट खरवडा, भिंत वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करू. नाहीतर एक दिवस भिंत बसेल.

पण टोमॅटो नुकते कुठे रंग धरत होते. हंगाम संपेपर्यंत थांबू, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. निवृत्त पोस्टमनकाका तर म्हणाले, "वहिनी, आतून मस्त रंग मारून घ्या. कुणाला कळतंय?"

"भिंतीला कळतंय," मावशी म्हणाल्या. "टोमॅटो पुन्हा लावता येतील, भाऊजी. या भिंतीचं बी मी कुठून आणू?"

त्यांनी कपड्यांवर खुणा करायचा खडू घेतला, दोरी ताणली आणि भिंतीपासून दोन हातांवर फरशीच्या तुकड्यांनी रेघ आखली. रेघेच्या आतलं सगळं बाहेर. शिवणाच्या चिंध्यांत मुळं मातीसकट बांधून आम्ही रोपं हलवली. बरीच जगली. पोस्टमनकाकांची मात्र सगळी मान टाकून बसली आणि ते आठवडाभर मावशींच्या दारावरून तोंड फिरवून जात राहिले. मावशींनी त्यांच्या सदऱ्याची फाटलेली कॉलर उलटून शिवून दिली, पैसे घेतले नाहीत, रेघही हलवली नाही.

सिमेंट उतरलं तशी उघडी भिंत महिनोन्‌महिने वाळत राहिली. मी रोज तिला हात लावून यायचे. मावशी हसायच्या, म्हणायच्या, "अगं, तिला ताप नाही आलेला."

परवा गवंडी आला. त्याने ठिकठिकाणी तळवा टेकवला, एका विटेवर नखाने ओरखडून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, कोरडी झाली. आता चुना लावायला हरकत नाही."

मावशींनी मशीन थांबवलं नाही.

"मग उभा का राहिलास? लाव की."