आपल्या लोकांचं रक्त

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात तिला सगळ्याजणी कडकबाई म्हणत. हिच्या चादरींना आणि जिभेला सारखीच खळ, असं मुकादमीण तिच्या तोंडावर सांगे. इस्त्रीच्या मशीनसमोर वाफेत उभं राहून तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. वरच्या मजल्यांवर गोऱ्या नर्स, खाली काळ्या धुणाऱ्या. ही वाटणी कुणी केली हे कुणी विचारत नसे. कडकबाईचंही एकच म्हणणं होतं, हातातलं काम सुटता कामा नये.

वरच्या बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा होती. खाली मात्र पोट दिसलं की काम गेलं; पोर झाल्यावर मग कुणी काही विचारत नसे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कधी मोडलाही जात नव्हता. मग बायकांनी आपला तोडगा काढला होता. पोटावर जुन्या चादरीचा पट्टा करकचून आवळायचा आणि जेवण निम्म्यावर आणायचं. कडकबाईनेही लेकीच्या वेळी तेच केलं. डबा शेजारणीपुढे सरकवायची आणि वर म्हणायची, "मला बाई आंबट ढेकर येतात." अगदी शेवटी कावीळ झाल्याचं सांगून घरी बसली. पोर झाली ती मुठीएवढी. नोकरी मात्र टिकली, आणि त्याचा तिला केवढा तोरा होता!

तीच पोर आता दहा वर्षांची झाली होती आणि शाळेत तिला 'पिंप' म्हणत. कडकबाईने काय करायचं बाकी ठेवलं? गोड बंद, तळलेलं बंद, पुढ्यातलं ताटसुद्धा अर्ध्यावर ओढून घेतलं. एकदा पोर फडताळातली साखर खाताना सापडली, तेव्हा तिला बदडून काढलं. शाळेतली डॉक्टर दर वेळी विचारी, "घरी काय खायला घालता हो एवढं?" जसं काही घरात रोज मेजवान्याच झडत होत्या.

म्हणून वरच्या मजल्यावरच्या मोठ्या डॉक्टरीणबाई या बायकांच्या पोरांना तपासायला खाली आल्या, तेव्हा कडकबाईला जरा धीर आला. गोऱ्यांपेक्षा काळ्यांची पोरं जास्त लठ्ठ का होतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी पोरांच्या गालांच्या आतून कापूस फिरवून घेतला, आणि आयांना जेवणाच्या खोलीत बसवून समजावून सांगितलं.

"जीन्स आईबापांकडून येतात, ते काही बदलत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण त्यांतले कोणते जागे राहणार आणि कोणते झोपणार, हे काही वेळा आईच्या पोटातच ठरतं. आईची उपासमार झाली, तर पोटातल्या मुलाला वाटतं, बाहेर दुष्काळ आहे. मग त्याचं शरीर मिळेल ते साठवायला शिकतं. यात मुलाचा काही दोष नसतो."

कडकबाईला पोरीच्या दंडावरचे वळ आठवले. उपास तिने स्वतः घडवला होता आणि मार पोरीने खाल्ला होता. तिला स्वतःची शिसारी आली.

मग एकेकीला विचारणं सुरू झालं. दारात मुकादमीण उभी होती, एकीमागून एकीला आत सोडायला. भिंतीला टेकून कडकबाईची धाकटी जाऊ बसली होती, तीही इथलीच धुणारी. तिला पाचवा महिना होता. त्याच सकाळी तिचा पट्टा कडकबाईने स्वतःच्या हाताने आवळला होता, "श्वास आत घे, अजून जरा" म्हणत.

"गरोदरपणी पोटभर जेवत होतात ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर लेकीवरचा ठपका पुसला गेला असता. पण पुढचा प्रश्न 'का नाही?' हाच आला असता, आणि मुकादमीण काही बहिरी नव्हती. पट्टे शोधायला तिला किती वेळ लागणार? दीर घरी बसलेला, त्या घराची चूल जावेच्या कामावर पेटत होती.

"हो तर," कडकबाई म्हणाली. "चांगली चापून जेवत होते."

"नक्की?"

"खोटं कशाला बोलू?"

आधीच्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं, नंतरच्यांनीही हेच सांगितलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. दारात मुकादमीण उभी करून असलं विचारू नये, एवढं साधं त्या शिकलेल्या बाईला सुचू नये?

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी आया आणि पोरं दोघांनाही निकाल सांगायला वर बोलावलं. तोवर जावेला मुलगा झाला होता, अगदी काडी. तिने त्याला छातीशी धरून सगळं ऐकलं.

"उपासमारीचं कुणीच सांगितलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हा हे तुमच्या लोकांच्या रक्तातच असावं, असं दिसतंय. वाईट वाटून घेऊ नका." त्या खरंच मायेने बोलत होत्या, आणि कडकबाईला त्या मायेचाच जास्त संताप आला.

जिना उतरताना लेकीने विचारलं, "आई, म्हणजे आपलं रक्तच खराब आहे?"

मागून मुकादमिणीच्या चपला वाजत होत्या, आणि खाली अजून दोघींच्या पोटावर पट्टे होते.

"हो," कडकबाई म्हणाली.

पोरीने आईचा हात धरला.

"असू दे, आई," ती म्हणाली. "मग तुझा तरी काय दोष?"