भोंगा न वाजवणारा पोदेर

आमच्या पेडण्यात पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, दारोदार भोंगा वाजवत येतो. परदेशात आहारशास्त्र शिकताना मी रोज सकाळी घरी फोन करायचे. मधुमेही बाबांचे उंडे, म्हणजे गोल पाव, मी फोनवरूनच बंद केले होते.

सुट्टीत आले, तर पहिल्याच सकाळी पोदेर मागच्या न्हाणीपाशी मुकाट उभा. टोपलीवरचं प्लास्टिकसुद्धा आवाज न करता उचलत होता.

"भोंगा नाही वाजवलात?" मी विचारलं.

मला पाहुणी समजून तो कुजबुजला, "हांगा वाजवचो न्हय, बाय. ह्यांच्या चेडवाक फोनार आयकू येता. बापायचं खाणं मोजता ती. थंय तिका धड जेवूक मेळना आसतलं, बिचारी."

मी तीन गरम उंडे घेतले. अडीच मीच खाल्ले; बाबांच्या वाट्याला अर्धाच आला.